मिलिंदच्या पायाचा अंगठा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, जिच्याबरोबर रोज डबा खाते त्या कॉलेजातल्या मैत्रिणीजवळही नाही. वेळ आली नाही असं नव्हे. कितीदा आली, अगदी ओठांपर्यंत आलं, आणि मी दुसरंच काहीतरी बोलले. दुसरंच बोलणं मला छान जमतं. आत्ताही बघा ना — सांगायचंय मिलिंदचं आणि सुरुवात केलीय माझ्यापासून.

मिलिंद माझा चुलतभाऊ. माझ्याहून लहान. नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीत दोन घरं सोडून काकांचं घर, त्यामुळे तो आमच्याकडेच वाढला म्हटलं तरी चालेल. शाळेत जेमतेम, पण हातात कला. बिघडलेला मिक्सर, बंद पडलेली मोटर, काहीही द्या. पुढे तो छतांवर सोलर बसवायची कामं घ्यायला लागला. लग्न झालं, रोहिणी आली. ती एका कापडाच्या दुकानात कामाला होती, अजूनही आहे.

आणि मी — मी फार्मसी कॉलेजात शिकवते. आमच्या वसाहतीतली पहिली पीएच.डी. हे मी मिरवायला सांगत नाही. सांगायला लागतंय, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

माझं काम द्राक्षाच्या सालींवर आणि बियांवर होतं. हंगाम संपत आला की धरणाच्या बाजूच्या वायनऱ्यांमध्ये रस काढून उरलेल्या चोथ्याचे ढीग पडतात. तो चोथा मी क्रेटमध्ये भरून आणायची. गाडीला आंबूस वास यायचा, नवरा वैतागायचा. त्या चोथ्यातून काही द्रव्यं वेगळी काढायची आणि मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांना द्यायची, असं ते संशोधन. इजा आम्हीच करायचो. भूल देऊन, पाठीच्या कण्यावर ठरलेलं वजन पाडून. वाचायला वाईट वाटतं — करायला त्याहून वाईट.

त्यात मला काय दिसलं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मार बसला की मज्जारज्जूचं नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. सूज येते, दाह होतो, शेजारच्या धडधाकट पेशीही मरत जातात. मार बसल्याबरोबर औषध दिलं तर हे पसरणं थोडं कमी होत होतं, ते उंदीर मागचे पाय जरा कमी फरफटायचे. पण ज्यांना उशिरा दिलं, इजा जुनी झाल्यावर, त्यांच्यात काही फरक पडला नाही. काहीच नाही. ते उंदीर मी स्वतः सांभाळले होते. रोज त्यांना पाय ओढत पिंजऱ्याच्या कोपऱ्याकडे जाताना बघत होते. प्रबंधात मी हे जसंच्या तसं लिहिलं. कागदावर मी खोटं बोललेली नाही. एवढं म्हणू शकते, आणि एवढ्यानं काही होत नाही.

पदवी मिळाली तेव्हा वसाहतीच्या विहारात माझा सत्कार झाला. सूत्रसंचालन करणारे गुरुजी उत्साहात म्हणाले, आपल्या सुजातानं लुळे उंदीर चालवून दाखवले, उद्या लुळी माणसंही चालतील. टाळ्या पडल्या. मागे उभ्या असलेल्या मिलिंदनं जोरात शिट्टी मारली. मला माईक मिळाला होता. गुरुजी, असं नाही हो, एवढं वाक्य बोलायला किती वेळ लागला असता? मी हसले आणि आभार मानले.

त्यानंतर मिलिंद पडला. गंगापूर रोडवर एका बंगल्याच्या छतावर काम चालू होतं, सुरक्षेसाठी कमरेला बांधलेला पट्टा सोडून तो दोन पावलं बाजूला गेला आणि खाली वाळूच्या ढिगाशेजारच्या फरशीवर पाठीवर आदळला. ऑपरेशन झालं, सळया-स्क्रू बसले. सर्जन आम्हाला बाहेर बोलावून सरळ म्हणाले, छातीखालचं काही परत येणार नाही. आशा लावून बसू नका. बसून जगायला शिकला तर चांगली वर्षं काढेल.

बसून जगायला शिकला तर. किती साधं वाक्य होतं ते.

कित्येक आठवड्यांनी, इजा जुनी झाल्यावर, त्याला घरी आणलं तेव्हा पुढच्या खोलीत लोखंडी पलंग टाकला होता. वसाहतीतली बरीच मंडळी जमलेली. काकूनं सगळ्यांसमोर माझा हात धरला.

"सुजा, तू उंदरं चालवली. हा तर तुझा भाऊ हाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. मिलिंद उशीवरून बघत होता. आणि मी म्हणाले, "बघते, काकू."

मग प्रयोगशाळेतला अर्क कॅप्सूलमध्ये भरून त्याला द्यायला लागले. कुणाला विचारलं नाही, कॉलेजात कुणाला कळू दिलं नाही. असा अर्क माणसाला द्यायची परवानगी नव्हती, हे मीच वर्गात मुलांना शिकवते. मनाला म्हटलं, द्राक्षाचंच तर आहे, अपाय काय होणार? मिलिंदला म्हटलं, "हे बघ, अजून संशोधन चालू आहे, खात्री नाही — पण घेऊन बघ." त्याला ऐकू आला तो फक्त 'पण'. आणि मला माहीत होतं की त्याला तेवढाच ऐकू येणार.

तो मोबाइलला गजर लावून गोळ्या घ्यायचा. एकही चुकवली नाही. थट्टा करायचा, "ताई, लोक वाइन पिऊन लटपटतात, मी एकटा असा निघेन की ताठ उभा राहीन." आम्ही हसायचो. मीही हसायची.

त्याच सुमारास त्याच्याकडे येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पुण्याकडच्या एका केंद्रात त्याच्यासाठी खटपट केली. तिथे असे रुग्ण काही महिने ठेवून घेतात. पलंगावरून खुर्चीत स्वतःचं स्वतः कसं सरकायचं, लघवीची नळी स्वतः कशी घालायची, बसल्या बसल्या थोड्या थोड्या वेळानं अंग कसं उचलायचं, आरशात पाठीची कातडी रोज कशी तपासायची, हे सगळं शिकवतात. बाजूला चाकं लावलेली स्कूटर चालवायलाही शिकवतात. जागा मिळणं अवघड असतं, पण मिळाली. रोहिणीच्या चेहऱ्यावर मला बऱ्याच दिवसांनी थोडी तरतरी दिसली. मिलिंदही तयार होत आला होता. स्कूटरबद्दल विचारायला लागला होता. चाकं इथेही बसवून मिळतील का, गॅरेजवाल्याला दाखवू का —

आणि एका रविवारी सकाळी रोहिणीचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. "ताई, ह्यांचा अंगठा हलला. लवकर या."

मी पोचले तेव्हा खोली भरली होती. शेजारचे, वरच्या मजल्यावरचे, सगळे. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. मिलिंद घामाघूम झालेला, दात आवळून, श्वास कोंडून जोर लावत होता — आणि उजव्या पायाचा अंगठा खरंच हलला. काकू मोठ्यानं रडायला लागली.

इथे मी काय केलं ते आता सांगते.

मी पलंगाच्या पायथ्याशी बसले. तपासतेय असं दाखवत त्याचा पाय हातात घेतला. काकूचं रडणं थांबेना म्हणून मिलिंदनं तिच्याकडे मान वळवली, तिला काहीतरी समजावायला लागला. त्या वेळी मी त्याच्या तळव्यावर माझ्या हाताच्या अंगठ्याचं नख ओढलं. हळूच. पायाचा अंगठा हलला. अगदी तसाच. मिलिंदला पत्ताही नव्हता, तो आईशी बोलत होता. मी पुन्हा ओढलं. पुन्हा हलला.

म्हणजे तो हलवत नव्हता. मेंदूपासून तुटलेला पाय असे झटके देतो. श्वास कोंडून अंग ताठ केलं की देतो, तळव्याला काही लागलं की देतो, कधी उगीचच देतो. ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजावून सांगता येते. माझं नख आणि तो अंगठा, हे त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही.

मिलिंद माझ्याकडे वळला. "ताई, मीच हलवला ना?"

मी म्हणाले, "हो."

का म्हणाले? लोकांना वाटेल, दया आली असेल. मीही बराच काळ स्वतःला तेच सांगितलं. दया होती, नव्हती असं नाही. पण त्या खोलीतले सगळे चेहरे माझ्याकडे वळले होते, आणि ते मला आवडलं होतं. घराघरांत धुणीभांडी करून आम्हाला वाढवणारी काकू माझ्या पायाला हात लावायला वाकली होती. मी तिला हात लावू दिला नाही, वर उचललं, पण त्याआधी क्षणभर — क्षणभर मी तशीच बसून राहिले. 'नाही' म्हणाले असते तर ते सगळं त्या क्षणी संपलं असतं. ते मला सोडवेना. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण मी फार शोधलं.

ती चित्रफीत गावभर फिरली. एका स्थानिक पेपरचा बातमीदार आला, मिलिंदच्या पलंगाशेजारी माझा फोटो काढला. द्राक्षाच्या सालीत संजीवनी, असा मथळा. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून पेढा दिला. गोळ्या कुणाच्या परवानगीनं दिल्या हे त्यांनी विचारलं नाही, मीही तो विषय काढला नाही. व्याख्यानांची बोलावणी आली. प्रत्येक ठिकाणी मी न चुकता सांगायची, हे निष्कर्ष अगदी प्राथमिक आहेत. हे वाक्य मी फार जपून घडवलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं आणि ते ऐकून कुणाची आशा कमीही होत नव्हती.

मिलिंद पुण्याला गेला नाही. "तिकडं खुर्चीत बसायला शिकवतात," तो म्हणाला. "मला आता काय करायचंय?" मी समोर होते. रोहिणीनं माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी कपातला चहा हलवत राहिले. त्याची जागा दुसऱ्या कुणाला गेली.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला कॉलेजात फोन केला. आवाजात राग नव्हता, उलट अदब होती. म्हणाल्या, "मॅडम, ती हालचाल रिफ्लेक्स आहे, तुम्हाला तर माहीतच असणार. मी सांगितलं तर म्हणतात, ताईला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही एकदा सांगा ना. तुमचं ऐकतील." मी म्हटलं, "हो, बोलते मी." बोलले नाही. पुढे त्यांनी येणं बंद केलं. बंद केलं म्हणजे, मिलिंदनंच त्यांना नको म्हणून सांगितलं.

मग तो काय करायचा? दिवसभर उशांना टेकून बसायचा आणि अंगठ्याकडे बघायचा. जोर लावायचा, थांबायचा, पुन्हा लावायचा. कधी हलायचा, कधी नाही. हलला की मला फोन. काकूचे गुडघे गेलेले, तिला तो उचलवत नव्हता. रोहिणी दुकानात. तासन्‌तास एकाच जागी बसलेलं अंग, आणि त्या अंगाला दुखणं कळत नाही. आरशात पाठ बघायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. जिथे शिकवणार होते तिथे तो गेलाच नव्हता.

जखम रोहिणीला वासावरून कळली. बैठकीच्या हाडावर, वरून लहानशी आणि आत खोल. हाडापर्यंत गेलेली. ड्रेसिंग झालं, ऑपरेशन झालं, घरी आणलं, पुन्हा ताप, पुन्हा दवाखाना. गोळ्या चालूच होत्या. मी त्या पोचवत होते. बंद केल्या असत्या तर का बंद केल्या हे सांगावं लागलं असतं.

शेवटच्या वेळी मी त्याला भेटले ती दुपारची भेटायची वेळ होती. शेजारच्या खाटेवरच्या बाबांचे नातेवाईक मोसंबी सोलत होते. रोहिणी औषधं आणायला खाली गेली होती. मिलिंद फार वाळला होता, चेहरा लहान मुलासारखा दिसत होता. मग छताकडे बघत म्हणाला,

"ताई, त्या दिवशी तू हो म्हणालीस ना, तेव्हा तू माझ्या पायाकडं बघत नव्हतीस. लोकांकडं बघत होतीस."

आवाजात आरोप नव्हता. विचारतही नव्हता. नुसतं दिसलेलं सांगत होता. त्याला कधीपासून माहीत होतं? पहिल्या दिवसापासून? की उशांना टेकून अंगठ्याकडे बघत बसलेल्या त्या सगळ्या दिवसांत हळूहळू उमगलं? मला माहीत नाही. विचारायची हिंमत नव्हती.

तो मला दार उघडून देत होता. एवढं तरी मला तेव्हा कळलं. शांतपणे, कुणी ऐकत नसताना, त्यानं मला खरं बोलायची जागा करून दिली. आणि मी काय म्हणाले? मी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाले, "असं काय बोलतोस मिलिंदा? जखम भरू दे, मग आपण डोस वाढवू."

त्यानं नजर पुन्हा छताकडे वळवली.

"बरं," म्हणाला.

त्याच आठवड्यात तो गेला. संसर्ग रक्तात पसरला होता, मूत्रपिंडं बंद पडली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहार भरला होता. काकूनं उभं राहून सांगितलं की माझ्या पोरासाठी सुजानं जिवाचं रान केलं, सख्ख्या बहिणीनं केलं नसतं. लोकांनी माना हलवल्या. मी खाली बघत बसले होते. लोकांना ते दुःख वाटलं.

तुम्हाला वाटेल, कबुली इथे संपली. मलाही वाटायचं, हेच माझं सगळ्यात वाईट कृत्य. पण नाही. ते अजून चालू आहे.

अलीकडेच रोहिणी माझ्याकडे कॉलेजात आली. बरोबर इगतपुरीची एक बाई होती. तिचा मुलगा घाटात मोटरसायकलवरून पडला होता, त्याला कित्येक महिने झालेले. दुकानात बोलता बोलता ओळख निघाली आणि रोहिणी तिला थेट माझ्याकडे घेऊन आली. त्या बाईला मात्र मी खरं सांगितलं. म्हटलं, हे औषध तुमच्या मुलाला उपयोगी पडणार नाही. जुन्या इजेवर ते चालत नाही. त्याला बसून जगायला शिकवा, लवकर शिकवा, आणि पाठीची कातडी रोज बघा. केंद्राचं नाव सांगितलं. हे बोलायला मला काहीच जड गेलं नाही. परक्या बाईला खरं सांगणं इतकं सोपं असतं.

रोहिणी गोंधळून माझ्याकडे बघत होती. "पण ताई, ह्यांना तर गुण येत होता ना?"

मी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. म्हणाले, "प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, रोहिणी."

तिनं मान हलवली. पटलं तिला. मग त्या बाईचा हात हातात घेऊन ती तिला समजावायला लागली. "मावशी, जखमेचं तेवढं बघा हां. आमचे हे चालायला लागले असते. अंगठ्यापासून सुरुवात झाली होती. मी दिवसभर दुकानात असायची, माझं लक्ष नव्हतं त्यांच्या पाठीकडं. माझ्यामुळं गेले ते."

हे ती इतक्या सवयीनं बोलली की माझ्या लक्षात आलं, ती हे रोज स्वतःला सांगत असणार. दुकानात कापड फाडताना, घरी पोळ्या लाटताना. माझ्यामुळं गेले.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. त्या दोघींसाठी चहा मागवला. त्या बाईला बसस्टँडचा रस्ता सांगितला. दोघी पायऱ्या उतरून फाटकाबाहेर जाईपर्यंत मी खिडकीत उभी राहिले.

हे पहिल्यांदा रोहिणीला सांगायला हवं होतं. तिला न सांगता तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ती मात्र अजूनही मानते की तिचा नवरा चालणार होता आणि तिच्या हयगयीनं गेला. मी तिला तसं मानू देते.